दुसरं कुठून आणू?

शिवप्रकाश : माय, घोटभर तरी घे. ग्लास धरून किती वेळ उभा राहू मी?

भागम्मा : कोण म्हणलं उभा राहा? ठेव तो खाली आन् कट्टे उकल.

शिवप्रकाश : उकलायलोच ना सकाळपासून! चाळीस कट्ट्यांतले एकोणतीस झाले. सगळा हरभरा ताडपत्रीवर ओतून बोटांनी चिवडला. मी, तुझी सून त्रिवेणी, दोन हमाल. तुझं गळ्यातलं लिंग कशात निघालं नाही. आता तीन वाजायलेत. मार्चमध्येच ऊन कसलं पडलंय बघ. तुला शुगर आहे, बीपी आहे. गोळी चुकवायची नाही, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय.

भागम्मा : गोळीला पाणी लागतं. आन् अंगावर लिंग नसताना पाणी तोंडात घ्यायचं न्हाई. सात वर्षाची होते तवा गुरूनं गळ्यात घातलं. आता शहात्तरावं चालू हाय. एक दिस उतरलं न्हाई ते. तू झालास तवा न्हाई, तुझे अप्पा गेले त्या दिवशी बी न्हाई.

शिवप्रकाश : मला माहीत आहे.

भागम्मा : आन् आज काय दुर्बुद्धी झाली, पेडगावच्या आपल्या रानातला हरभरा मोंढ्यात आलाय म्हणून बघायला आले. ढिगात हात घातला. घरी जाऊन पदर सारखा करते तर गळा मोकळा! दोरा कवा तुटला, कुठं तुटला, काय कळलं न्हाई.

जैतुनबी : सलाम, अम्मा. आत येऊ का?

भागम्मा : जैतून? ये की! तुला कवापासून इचारून यावं लागायलंय? पंधरा वर्षं ह्या आडतीवर चाळणी चालवायलीस. आन् होतीस कुठं गं? सकाळी बघते तर चाळणीवर दुसरीच माणसं.

जैतुनबी : घरीच होते. आपला हमाल दत्तराव भेटला रस्त्यात. बोलला, अम्माचं लिंग हरवलंय, नऊ वाजल्यापासून पाणी बी नक्को म्हणायल्यात. म्हणून आले. शेठ, आले तर चालंल ना?

शिवप्रकाश : ये, ये. तूही घे एखादा कट्टा उकलायला. दाभण तिथं आहे बघ.

जैतुनबी : घेते. पण पहिले अम्माला एक विचारू द्या. अम्मा, तुमी ढिगात हात घातला तवा माल चाळलेला होता का कोरा?

भागम्मा : ते मी काय सांगू? हरभऱ्याचा ढीग होता.

जैतुनबी : हाताला काय लागलं ते आठवा. सबर करा, डोळे मिटा. नुसता दाणा लागला, का अजून काही?

भागम्मा : दाणा तर लागलाच. टरफलं लागली, घाट्याची. आन् एक काडी टोचली बोटाला. ही बघ, हितं लाल हाय अजून.

जैतुनबी : मग कट्टे शिवून टाका शेठ. कट्ट्यात न्हाई ते.

शिवप्रकाश : कशावरून?

जैतुनबी : चाळलेल्या मालात काडी कुठून येईल? माल कोरा होता, नंतर चाळणीवर गेला. चाळणीच्या भोकातून दाणा खाली पडतो. लिंगाची लिंबाएवढी चांदीची डबी कशी पडंल? ती वरच्या वर राहिली असंल. काड्या, घाटे, ढेकळं जिकडं जातात तिकडं गेली. मातेऱ्यात.

शिवप्रकाश : सहा तास झाले आम्ही कट्टे उकलायलोत. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

भागम्मा : चाळणी चालवणारीच हितं नव्हती, तर डोक्यात कुणाच्या येणार? मातेरं कुठं टाकलंय?

शिवप्रकाश : वजनकाट्याच्या मागं. पण माय, तिथं आपल्या एकट्याचं नसतं, सगळ्या लाईनीचं मातेरं पडतं. ढीग झालाय कमरेएवढा. आणि सहा वाजता दिनकररावांची ट्रॉली येते अन् उचलून नेते.

भागम्मा : मग बोलायलास काय उभ्यानं? हात धर माझा. उठव.

(काट्याच्या मागं, मातेऱ्याच्या ढिगापाशी. तासाभरानं.)

भागम्मा : एक सूप मला बी दे.

जैतुनबी : तुमी सावलीत बसा अम्मा. पोटात पाणी न्हाई तुमच्या.

भागम्मा : तुझ्या हाय का? रोजा असंल ना तुझा?

जैतुनबी : हौ. एकोणिसावा. पण मी पहाटे सेहरीला पोटभर पाणी पिलेय, अन् मला आदत हाय. तुमचं तसं न्हाई.

भागम्मा : बसून पाखडते. बसल्यानं काय होत न्हाई. आण ते सूप.

शिवप्रकाश : आपल्या मालाचं मातेरं ह्या बाजूला असणार. सकाळी पहिली पाळी आपलीच होती, म्हणजे खाली. दत्तराव, वरचं ओढून घ्या! फावडं नको, हातानं, हातानं.

भागम्मा : आज दत्तराव बरा न बोलवता आला.

शिवप्रकाश : त्यानं मारुतीला नारळ कबूल केलाय तुझ्यासाठी.

भागम्मा : करू दे की. मन लावून शोधायलाय तर.

जैतुनबी : अम्मा, हे काय?

भागम्मा : बघू. अगं बाई. दोरा हाय माझा! ह्या गाठी मीच मारलेल्या!

शिवप्रकाश : तिथंच बघ, तिथंच! सरक, मला बघू दे. ही डबी. माय, डबी सापडली! ही घे!

भागम्मा : आण. दे इकडं.

शिवप्रकाश : थांब, मी उघडतो. उघडीच आहे ही.

भागम्मा : आत?

शिवप्रकाश : आत काही नाही.

भागम्मा : नीट बघ.

शिवप्रकाश : रिकामी आहे, माय. मशीनची चाळणी हादरते ना, झाकण उघडलं असणार.

भागम्मा : म्हणजे ते मोकळं पडलं.

जैतुनबी : हितंच असंल अम्मा. डबी हाय तर ते बी हितंच. कसं असतं ते दिसायला?

भागम्मा : काळं. कुळकुळीत काळं. वरून गोल, बुडाला चपटं. वर कवच असतं, राखेचं आन् कशाकशाचं. मोठ्या सुपारीपेक्षा मोठं, लिंबापेक्षा लहान.

जैतुनबी : या अल्ला.

भागम्मा : काय झालं?

जैतुनबी : अम्मा, हे बघा ना सुपात. हे काळं, हे काळं, हे बी काळं, गोल. आपल्या रानाची ढेकळं हायेत ही. मातेऱ्यात शेकड्यानं असतात. आता ढेकूळ कोणतं अन् लिंग कोणतं, कसं ओळखायचं?

शिवप्रकाश : फोडून बघू एकेक.

भागम्मा : खबरदार! ढेकूळ म्हणून त्यालाच फोडशील तर?

शिवप्रकाश : मग काय करू मी? तूच सांग! साडेचार झाले. तुझे ओठ बघ कसे पांढरे पडलेत. माय, मी दुपारीच महाराजांना फोन केलाय. ते जिंतूरला आहेत. म्हणाले, असं झालं तर नवीन लिंग देता येतं, शास्त्रात सोय आहे. गाडी काढतो, सातपर्यंत दुसरं घेऊन येतो.

भागम्मा : दुसरं?

शिवप्रकाश : लहानपणापासून तूच सांगत आलीस ना, देव एकच आहे. मग तो ह्या लिंगात काय अन् त्या लिंगात काय.

भागम्मा : एकच हाय म्हणूनच म्हणते. दुसरं कुठून आणू?

शिवप्रकाश : शब्दात पकडू नको मला.

भागम्मा : न्हाई रे बाबा. महाराज सांगत्यात ते खरंच असंल. पण एवढी वर्षं रोज पहाटे त्याच्याकडं बघत आले. माझं सगळं त्याला ठाऊक हाय. उद्या मी गेल्यावर माती देताना बसवशील मला, तवा ह्या डाव्या हातात तेच पाहिजे. ट्रॉली येईपर्यंत शोधू. न्हाईच घावलं तर काढ गाडी. मी न्हाई म्हणणार न्हाई.

शिवप्रकाश : नक्की?

भागम्मा : नक्की. आता पाखड.

जैतुनबी : अम्मा, एक विचारू? राग नक्को यायला.

भागम्मा : इचार की.

जैतुनबी : निघताना जाऊबाई बोलली मला, रोज्यात कुठं निघालीस दुसऱ्याचा दगड शोधायला? आपण दगडापुढं झुकत न्हाई.

भागम्मा : मग तू काय म्हणलीस?

जैतुनबी : मी म्हणलं, एक म्हातारी बाई प्यासी बसलीय. अल्लाला ते बी दिसायलंय. पण मनात आलंच अम्मा. खरं सांगा, ते दगड हाय का?

भागम्मा : हातात घेशील तर दगडच लागंल तुला. डाव्या तळहातावर ठेवायचं आन् नजर लावायची. पहिल्यांदा लिंग दिसतं. मग बघता बघता तळहात दिसंना होतो, लिंग बी दिसंना होतं. मग जे ऱ्हातं ते. त्याला तोंड न्हाई, हात न्हाई, रूप न्हाई. त्याला देऊळ बी लागत न्हाई, म्हणून तर गळ्यात.

जैतुनबी : आमच्यात बी त्याला सूरत न्हाई. तो एकला. ना तो कुणाचा बाप, ना त्याचा कुणी बाप.

भागम्मा : मग तुमी मक्केकडं तोंड कामून करता?

जैतुनबी : कुठंतरी तोंड करावंच लागतं ना. साऱ्यांनी एकीकडं केलं की बरं. पण सजदा तिथल्या त्या घराला न्हाई अम्मा, घरवाल्याला.

भागम्मा : झालं तर मग. तुमी मक्केकडं तोंड करता, मी तळहाताकडं.

जैतुनबी : फरक हाय अम्मा. मी तुमच्याशी खोटं न्हाई बोलणार. त्याला तळहातावर धरता येतं, हे मला पटत न्हाई.

भागम्मा : असू दे की फरक. मी कुठं तुला धर म्हणायले?

जैतुनबी : हसता बी येतंय अजून तुमाला! बरं वाटलं. अजान झाली बघा. असरची हाय. शेठ, दहा मिनिटं द्या. नळावर हात-तोंड धुऊन वजू करते, नमाज पढून आलेच.

शिवप्रकाश : आत्ता? ट्रॉली यायला तास उरलाय अन् तू आत्ता... जा. जा बाई. ह्याच्यामुळंच तर...

भागम्मा : ह्याच्यामुळंच तर काय?

शिवप्रकाश : काही नाही.

भागम्मा : ती गेली, आता बोल. ह्याच्यामुळंच तर काय?

शिवप्रकाश : मीच तिला येऊ नको म्हणालो, माय. चार दिवस झाले.

भागम्मा : मला वाटलंच. घरीच होते म्हणली तवा तुझ्याकडं बघितलं न्हाई तिनं. कामून?

शिवप्रकाश : सीझन आहे. चाळणी थांबली की मागं गाड्या थांबतात. दिवसातून दोनदा ही नमाजाला जाणार.

भागम्मा : दहा दहा मिनिटं.

शिवप्रकाश : थांबतं ना काम.

भागम्मा : आन् तुझे अप्पा? पन्नास वर्षं लिंगपूजा झाल्याबिगर सांबप्पानं ह्या दुकानाचं कुलूप काढलं न्हाई. बाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. तवा कुणी म्हणलं का, सांबप्पा, काम थांबायलंय? उलट लोक म्हणायचे, पूजा करून येतोय, ह्याचा काटा खोटा नसंल.

शिवप्रकाश : तो काळ वेगळा होता. आता लाईनीतले बाकीचे आडते बोलायलेत. म्हणतात, हिला कशाला ठेवलंय अजून.

भागम्मा : कोण बाकीचे?

शिवप्रकाश : नावं कशाला घेऊ.

भागम्मा : म्हणजे गाड्यांचं नुसतं निमित्त.

शिवप्रकाश : हो.

भागम्मा : हो म्हणलास ते बरं केलंस. बस हितं. तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. तू पोटात आडवा होतास. ह्या गावात तवा डॉक्टर न्हाई. अप्पानं मालाच्या ट्रकात घालून लांब मिशनच्या दवाखान्यात नेलं मला. तिथली नर्सबाई, पांढरा झगा, माझ्याएवढीच पोर. तिला म्हणलं, काय बी कर, गळ्यातलं उतरवू नको. मोठी डॉक्टरीण म्हणली, उतरवावं लागंल. ती पोर म्हणली, न्हाई, मी पट्टीनं दंडाला बांधते, ऱ्हाऊ द्या. बांधलं. मग कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकले तिनं.

शिवप्रकाश : हे कधी सांगितलं नाहीस तू.

भागम्मा : मी कळा देता देता इचारलं, अगं कुणाला मागायलीस? म्हणली, एकालाच. म्हणलं, माझा बी एकच हाय. म्हणली, मग दोघी मिळून मागू. आन् तू रडलास. त्या पोरीला कुणी इचारलं न्हाई, दुसऱ्याचा दगड कामून बांधायलीस.

शिवप्रकाश : बास, माय.

भागम्मा : तुझे अप्पा माल घेऊन नांदेडला जायचे. गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसून जेवायचे. घरी येऊन म्हणायचे, भागम्मा, तिथं ग्रंथाची बी सुरुवात एक ह्या आकड्यापासनंच हाय गं. केवढी खुशी व्हायची त्यांना, जसा काही सोयरा भेटला. तू त्याच दुकानात बसतोस.

शिवप्रकाश : चुकलं माझं.

भागम्मा : मला कामून सांगायलास? माझं काम कुठं बंद केलंस तू?

जैतुनबी : शेठ! बादल्या आणा! दोन-तीन, भरून! पाणी आणा!

शिवप्रकाश : काय झालं? एवढं पाणी कशाला, प्यायला?

जैतुनबी : प्यायला न्हाई, धुवायला! अम्मा, वजूला नळाखाली हात धरला, तर मुठीत ढेकूळ तसंच होतं. पाणी पडलं अन् गाळ होऊन बोटांतून निघून गेलं. आता सांगा, तुमी लिंगाला अंघोळ घालता ना?

भागम्मा : घालते की, रोज.

जैतुनबी : सत्तर वर्षांत कवा विरघळलं का?

भागम्मा : अगं... अगं बाई माझे!

शिवप्रकाश : ढेकळं विरघळतील अन् लिंग राहील! पण हे वजू करताना सुचलं, तर तेव्हाच पळत यायचं ना! दहा मिनिटं गेली!

जैतुनबी : पहिले त्याचं, मग शेठचं. पण खरं सांगू? नमाजात ध्यान लागलं न्हाई. सारखं बादलीच दिसायली. अल्ला माफ करंल.

शिवप्रकाश : दत्तराव, हौदावरून बादल्या भरून आणा! सगळ्यांना सांगा, काळं गोल जे दिसेल ते इथं आणून द्या, फोडू नका!

भागम्मा : एक बादली माझ्यापुढं ठेव.

जैतुनबी : हळूच सोडा अम्मा. वरून टाकू नक्को. असं, ओंजळीनं. अन् हलवत ऱ्हायचं.

भागम्मा : हे गेलं. हे बी गेलं. काय चिखल झाला गं.

जैतुनबी : आपलीच माती. शेठ, हे पाणी ओता, पण तळ मला बघू द्या पहिले. खडा. हा बी खडा. दुसरी आणा.

शिवप्रकाश : ट्रॉली आली.

भागम्मा : किती वाजले?

शिवप्रकाश : सहाला पाच कमी. मी बोलून येतो दिनकररावांशी.

जैतुनबी : अम्मा, दमला तुमी. ठेवा ते सूप. माझ्याकडं बघा. चक्कर येती का?

भागम्मा : न्हाई येत. तू हात थांबवू नको.

शिवप्रकाश : दिनकरराव म्हणाले, लिंग निघेपर्यंत ट्रॉली इथंच उभी. बाह्या वर करून तेही आलेत. ही घे पाचवी बादली. हा कोपरा तेवढा राहिलाय, माय.

भागम्मा : टाका ते बी.

जैतुनबी : गेलं. गेलं. हे मोठं होतं, गेलं. हा खडा. हे... अम्मा.

भागम्मा : काय गं?

जैतुनबी : एक विरघळंना झालंय.

शिवप्रकाश : खडा असेल.

जैतुनबी : खड्याला कोर असती. हे गुळगुळीत हाय. वरून गोल. बुडाला चपटं.

शिवप्रकाश : काढ वर! दे इकडं!

जैतुनबी : नक्को शेठ. अम्मा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नसतो, मला मालूम हाय. मी पाण्यातच धरून ठेवलंय, सोडत न्हाई. तुमी हात घाला अन् तुमीच घ्या.

भागम्मा : वर काढ, जैतून.

जैतुनबी : मी?

भागम्मा : पहिल्यांदा बी ते कुणाच्या तरी हातातूनच माझ्या हातात आलतं. ठेव हितं. ह्या तळहातावर.

जैतुनबी : बिस्मिल्ला. घ्या अम्मा.

शिवप्रकाश : माय? तेच आहे का?

भागम्मा : एका बाजूला अंगठा बसंल एवढी खोबण हाय. रोज धरून धरून पडलेली. हे बघ. अंगठा बसला! हेच रे, शिवा! हेच हाय! हर हर महादेव!

जैतुनबी : सुभानल्ला! सुभानल्ला!

शिवप्रकाश : सापडलं! दत्तराव, दिनकरराव, सापडलं! त्रिवेणीला फोन लावा कुणीतरी! अरे, सगळी लाईन ओरडायली बघ, माय. हमाल नाचायलेत. काट्यावरचा माणूस काटा सोडून आला!

भागम्मा : नाचू दे. मला बी उठता आलं असतं तर नाचले असते.

शिवप्रकाश : आता पाणी. आधी पाणी. आणि ते शुद्धीचं काय करायचं ते महाराजांना उद्या विचारू, मातेऱ्यात पडलं होतं म्हणून.

भागम्मा : इचार तुला इचारायचं तर. पाच बादल्यांची अंघोळ झालीय त्याला, हे बी सांग त्यांना. आधी दोरा बघ काहीतरी. गळ्यात पडल्याबिगर पाणी न्हाई.

जैतुनबी : कट्टे शिवायची सुतळी हाय माझ्या कमरेला. चालंल का? मजबूत हाय. क्विंटलाचा माल पेलती.

भागम्मा : चालंल की. डबीत ठेवते पूजा झाल्यावर. तू पीळ घालून ठेव तोवर.

शिवप्रकाश : जैतुनबी.

जैतुनबी : जी, शेठ.

शिवप्रकाश : उद्यापासून ये.

जैतुनबी : आज शोधून दिलं म्हणून बोलावत असाल तर नक्को. ते मी अम्मासाठी केलं. चाळणी बराबर चालवते म्हणून बोलवत असाल तर येते.

शिवप्रकाश : तुझ्यासारखी चाळणी ह्या लाईनीत कुणी चालवत नाही. हे मला चार दिवसांपूर्वीही माहीत होतं. तरी मी तसं बोललो. चुकलं माझं.

जैतुनबी : नमाजाला मी थांबणार.

शिवप्रकाश : थांब.

जैतुनबी : अन् बाकीचे आडते?

शिवप्रकाश : त्यांना मी बघतो. आत्ता सगळे इथंच उभे आहेत. त्यांच्यादेखत सांगतोय ना.

भागम्मा : ऐकू गेलं सगळ्यांना. आता ती गोणी अंथर रे हितं. हात-पाय धुते. दहा मिनिटं दे मला, आधी पूजा.

शिवप्रकाश : घे, माय. दहा काय, वीस घे.

जैतुनबी : शेठ, हळू बोला. डोळे लावले त्यांनी.

शिवप्रकाश : तळहात बघ कसा स्थिर आहे.

जैतुनबी : हौ.

शिवप्रकाश : जैतुनबी, अजान झाली ना ही? मगरिबची. खजूर आहे का तुझ्याकडं? सोड रोजा. मी पाणी आणतो.

जैतुनबी : हाय पदराला. पण अम्माचं होऊ द्या. देर करू नये म्हणतात, तरी दोन मिनिटं. दोन ग्लास आणा शेठ.

भागम्मा : झालं माझं. आण ती सुतळी, बांध मागून गाठ. आन् हे काय, तू अजून तशीच बसलीस? अजान तर मी डोळे मिटून ऐकली.

जैतुनबी : एकटीनं काय सोडायचं? हा खजूर घ्या. बिस्मिल्ला म्हणते मी, तुमी तुमचं म्हणा.

शिवप्रकाश : सावकाश, माय. एकदम पिऊ नको. ही गोळी. जैतुनबी, अजून पाणी घे.

भागम्मा : गार हाय. जैतून, खजूर तोंडात घालायच्या आधी तुझे ओठ हलत होते. काय मागितलंस?

जैतुनबी : रोजा सोडताना मागितलेलं तो ऐकतो म्हणतात. लय मागायचं होतं अम्मा. लेकीची नोकरी, माझे गुडघे, घराचं छत. नुसतं अल्लाचं शुक्र हाय म्हणलं, अन् मागायचं तसंच ऱ्हाऊन गेलं.

भागम्मा : माझं बी.